टँकरचे पाणी, नळाचे पाणी आणि माशांसाठी घेतलेले मीटर

ठाण्यातील घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीत पाणी दोन वाटांनी येते. वर्षातला बराच काळ महापालिकेच्या जोडणीवर भागते. ते पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांचे, म्हणजे मुख्यतः सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहत आलेल्या पावसाचे असल्यामुळे त्यात विरघळलेले क्षार फार थोडे असतात. उन्हाळा चढला किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहिला की टँकर बोलवावे लागतात, आणि टँकरमधले पाणी बहुधा कुठल्यातरी बोअरवेलचे असल्याने त्याची जात अगदी निराळी असते. ही दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत मिसळतात आणि नळाला येतात तेव्हा पाहून काहीही कळत नाही. पिण्यासाठी घरात प्युरिफायर असल्यामुळे माणसांचे निभावते. माशांच्या टाकीत मात्र आपण बादलीने जे ओतू ते जसेच्या तसे जाते.

आमची टाकी तीन फुटी आहे. तीत एंजल, कार्डिनल टेट्रा, तळाशी फिरणारे काही कोरिडोरास आणि व्हॅलिसनेरिया, जावा फर्न यांसारख्या सोशीक वनस्पती आहेत. गप्पी आणि मोली जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात आनंदाने राहतात, परंतु कार्डिनल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू पाण्याचा मासा आहे, आणि पाण्याच्या गुणधर्मात एकाएकी झालेला बदल त्याला मानवत नाही. दर आठवड्याला पाणी बदलताना आपण नेमके काय ओततो आहोत हे ओतण्यापूर्वीच कळावे, एवढ्यासाठी मीटर घ्यायचे ठरवले. खरेदी करायला निघालो तेव्हा ‘मीटर’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देणारी उपकरणे विकली जातात हे ध्यानात आले, आणि म्हणून कोणते मीटर चांगले हे विचारण्याआधी आपला प्रश्न कोणता हे ठरवणे भाग पडले.

सर्वांत स्वस्त ते टीडीएसचे, म्हणजे पाण्यातील एकूण विरघळलेल्या घटकांचा आकडा दाखवणारे, पेन. काही शे रुपयांत मिळते आणि प्युरिफायर दुरुस्त करायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात असते. हे पेन प्रत्यक्षात क्षार मोजत नाही. धातूच्या दोन टोकांमधून पाणी किती वीज वाहून नेते, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता किती आहे, ते पाहते आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएममध्ये, म्हणजे साधारण लिटरला किती मिलिग्रॅम असे, दाखवते. हा गुणक सर्वत्र सारखा नसतो. काही पेनांत तो ०.५ असतो, तर काहींत ०.७. आमच्या घरी प्युरिफायरसोबत आलेले पेन आणि मी नव्याने पाहण्यासाठी आणलेले पेन एकाच ग्लासात बुडवल्यावर एकाने ८२ दाखवले आणि दुसऱ्याने ११५. दोन्हींपैकी कोणतेही बिघडलेले नव्हते. पाण्याची वाहकता १६४ मायक्रोसीमेन्स होती आणि दोघांनी तिला आपापल्या गुणकाने गुणले होते. त्यामुळे पीपीएमऐवजी थेट वाहकता, म्हणजे ईसी, दाखवण्याची सोय असलेले पेन घ्यावे हे माझे पहिले मत बनले. थोडे पैसे अधिक पडतात, परंतु दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहायचा असेल तर गुणकाचा घोळ आड येत नाही.

मासे पाळणाऱ्या जाणत्या मंडळींत टीडीएसच्या पेनाला फारशी किंमत नाही, आणि त्यांचे कारण बरोबर आहे. हे पेन किती विरघळले आहे ते सांगते, काय विरघळले आहे ते सांगत नाही. माशांना घातक ठरेल इतका अमोनिया पाण्यात असला तरी या आकड्यात पडणारा फरक नजरेत भरत नाही, आणि उलट मिठाचा चमचा टाकला तर आकडा कित्येक पटींनी उडी मारतो. तरीही घोडबंदरसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने हेच पेन सर्वांत आधी घ्यावे असे मी म्हणेन, कारण इथला पहिला प्रश्न ‘नळाला आज कोणते पाणी आहे’ हा आहे आणि त्याचे उत्तर हे स्वस्त पेन काही सेकंदांत देते. महापालिकेच्या पाण्याची वाहकता आमच्याकडे दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास राहते. टँकर आला की ती आठशे-नऊशेवर जाते, आणि मिसळलेले पाणी असेल तर मधले काहीतरी दिसते. वॉचमनला विचारले तर तो मोघमात सांगतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टँकरची सूचना बहुधा टँकर रिकामा होऊन गेल्यावर येते, आणि पेन मात्र खरे ते दाखवते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. माझ्या हातात हे पेन पाहून आमच्या कमिटीतील एका सदस्यांनी टँकरचे पाणी तपासून घेतले, आकडा ५०० पीपीएमच्या आत आहे म्हणून समाधान व्यक्त केले आणि पाणी शुद्ध असल्याचे जाहीरही केले. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, पिण्याच्या पाण्यातील एकूण विरघळलेल्या घटकांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे हे खरे, परंतु जंतूंविषयी हे पेन अवाक्षरही बोलत नाही. क्लोरीनविषयीही बोलत नाही. म्हणून आकडा कितीही चांगला असला तरी नळाचे पाणी टाकीत घालताना अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावेच लागतात.

पीएचचे, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारे, पेन निवडणे हे खरे वेळखाऊ काम ठरले. नौपाड्यातील एका दुकानात एकाच बनावटीची पिवळी पेने खोक्यातून काढून मालकांनी काउंटरवर ठेवली. मी विनंती केल्यावर त्यांनी ती सारी एकाच काचेच्या भांड्यात बुडवली. एक ६.६ वर थांबले, एक ७.४ वर, आणि उरलेली मधे कुठेतरी घुटमळत राहिली. मी मालकांकडे पाहिले तेव्हा त्यांनी शांतपणे खोक्यातला इवलासा स्क्रू ड्रायव्हर पुढे केला आणि म्हणाले, “साहेब, मागे स्क्रू आहे. फिरवा, पाहिजे तो आकडा येतो.” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पीएचचे कोणतेही मीटर माहीत असलेल्या द्रावणात बुडवून जुळवून घेतल्याशिवाय वापरायचेच नसते, आणि कारखान्यातून निघून गोदामात महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या पेनाचा आकडा इकडेतिकडे असणे साहजिक आहे. अडचण एवढीच होती की त्या पेनाला स्क्रू एकच होता, म्हणजे ते एकाच बिंदूवर जुळवता येत होते.

एका बिंदूने का भागत नाही हे मला शेजारच्या विंगेत राहणाऱ्या, औषधांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या काकांनी समजावले. पेनाच्या टोकाशी असलेला काचेचा पातळ बुडबुडा पाण्याच्या आम्लतेनुसार अतिशय सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करतो. २५ अंश तापमानाला पीएचच्या एका अंकामागे तो जास्तीत जास्त ५९ मिलिव्होल्ट असतो. काच जुनी होत जाते तसा हा आकडा घटतो. पेन एकाच द्रावणात जुळवले तर त्या बिंदूपाशी ते खरे बोलते, आणि त्यापासून जितके दूर जावे तितके चुकत जाते. दोन द्रावणांत जुळवले तर या घटीचाही, म्हणजे उताराचाही, हिशेब होतो. “पेनाला किती दशांश दिसतात ते पाहू नका, किती बफर घेते ते बघा,” असे काका म्हणाले; बफर म्हणजे पीएच माहीत असलेली ही जुळवण्याची द्रावणे. ते पटण्यासारखे होते, कारण पडद्यावर ७.०३ असे दोन दशांश दाखवणाऱ्या कित्येक पेनांच्या कागदावर अचूकता मात्र अधिक-उणे ०.१ अशीच लिहिलेली असते.

बफर द्रावणांचीही एक गंमत आहे. स्वस्त पेनांबरोबर येणाऱ्या पुड्या ४.००, ६.८६ आणि ९.१८ या मालिकेतील असतात; काही चांगली पेने ४.०१, ७.०० आणि १०.०१ ही मालिका मागतात. आणि प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गोळ्या ४.०, ७.० आणि ९.२ च्या असतात. बटण दाबताच द्रावण आपोआप ओळखणाऱ्या पेनाला ७.०० अपेक्षित असताना आपण ६.८६ दिले तर ते निमूटपणे तेच ७.०० धरून चालते आणि पुढचे प्रत्येक मोजमाप ०.१४ ने चुकते. म्हणून पेन पसंत करण्यापूर्वी ते कोणती मालिका मानते आणि ती मालिका आपल्याला सहज मिळेल का, हे मी आधी पाहिले. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजारात हे सारे मिळते; ठाण्याहून तिथवर जाणे जिवावर आले तर ऑनलाइन मागवता येते. पुडी डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवायची, आणि ९.१८ चे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खाली घसरते, म्हणून ते फार दिवस ठेवायचे नाही. पुडीच्या पाठीवर तापमानाचा तक्ता छापलेला असतो, त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ९.१८ हा आकडा २५ अंशांचा आहे. ठाण्यातील उन्हाळ्यात खोलीतले द्रावण ३० अंशांवर असते तेव्हा त्याचे खरे मूल्य ९.१४ होते. पेनावर ‘तापमान भरपाई’ असे लिहिलेले असले तरी ती भरपाई काचेच्या विद्युतदाबाची असते; द्रावणाचा पीएच तापमानाने प्रत्यक्षात बदलतो त्याची नसते.

यापुढची अडचण खास आपल्या पाण्याची आहे. महापालिकेचे पाणी इतके मृदू असते की त्यात पीएचचे पेन लवकर स्थिरावत नाही. विद्युतवाहकता कमी असलेल्या पाण्यात काचेच्या इलेक्ट्रोडला स्थिर आधार मिळत नाही, आकडा सावकाश सरकत राहतो आणि घाईच्या माणसाला पेनच खराब असल्याचे वाटते. बफर द्रावणात तेच पेन क्षणात स्थिरावते, हीच पेन ठीक असल्याची खूण. काकांची रीत अशी: टाकीत पेन न बुडवता एका कपात अलगद पाणी घ्यायचे, त्याच पाण्याने टोक आधी खंगाळायचे, मग नव्या पाण्यात बुडवून एकदा हलवायचे आणि त्यानंतर हात न लावता आकडा थांबेपर्यंत वाट पाहायची. कपात पाणी घेण्याचा दुसरा फायदा असा की टाकीतील हीटर आणि पंप यांच्यातून झिरपणाऱ्या अल्पशा विजेचा परिणाम पेनावर होत नाही. दुकानातील भांड्यात जी पेने घुटमळत होती त्यांना आम्ही पुरेसा वेळ दिला नव्हता हेही येथे नमूद केले पाहिजे.

शेवटी मी बटणाने दोन बिंदूंवर जुळवता येणारे आणि इलेक्ट्रोड वेगळा काढून बदलता येणारे पेन घेतले. काचेचा इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांत थकतोच. तो बदलता येत नसेल तर अख्खे पेन टाकून द्यावे लागते. किंमत पिवळ्या पेनाच्या कितीतरी पट पडली. खरेदीपूर्वी तोच इलेक्ट्रोड सुटा विकत मिळतो की नाही हे मात्र मी लिहून घेतले होते, कारण ‘बदलता येतो’ असे खोक्यावर छापलेले असणे आणि सुटा भाग बाजारात असणे यात आपल्याकडे बरेच अंतर असते. टोक कोरडे पडू द्यायचे नाही आणि प्युरिफायरच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यातही ठेवायचे नाही. टोपणातील स्पंजवर पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणाचे थेंब घालून ठेवायचे. एवढी जपणूक करण्याची ज्याची तयारी नसेल त्याने पीएचचे पेन घेऊच नये. थेंबांची बाटली आणि रंगांचा तक्ता त्याला अधिक प्रामाणिक उत्तर देईल.

पीएचला मी इतके महत्त्व दिले त्याचे कारण अमोनिया हे आहे. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि माशांच्या कल्ल्यांना घातक असा मुक्त अमोनिया. त्यांचे प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.७ टक्के भाग घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साधारण ६.५ टक्के होतो. याचा आमच्या घरापुरता अर्थ असा की फिल्टरने काही कारणाने काम कमी केले असेल आणि टाकीत थोडा अमोनिया साचला असेल, तर नळाच्या मृदू पाण्यात मासे तग धरतात, आणि नेमक्या त्याच दिवशी पाणी स्वच्छ करावे या सद्हेतूने टँकरचे अल्कधर्मी पाणी ओतले तर तोच अमोनिया नऊपट घातक होतो.

अमोनिया मोजणारे स्वस्त पेन मला कुठेही मिळाले नाही. नमुन्यात रसायन टाकून रंगाची तीव्रता प्रकाशाने मोजणारी हातात मावणारी यंत्रे असतात, परंतु त्यांची किंमत आणि प्रत्येक चाचणीमागची पुडी परवडण्याजोगी नव्हती. म्हणून येथे थेंबांचे किटच घेतले. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, बाटल्यांतील थेंब मोजून टाकायचे, सांगितलेली मिनिटे थांबायचे आणि पिवळ्याकडून हिरव्याकडे जाणारा रंग तक्त्याशी ताडायचा. हे काम दिवसा खिडकीपाशी करावे; रात्री घरातील पिवळसर दिव्याखाली शून्य आणि ०.२५ यांत फरक करणे निदान माझ्या डोळ्यांना जमत नाही. बुडवायच्या पट्ट्या मी घेतल्या नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या हवेतील दमटपणाने उघडलेल्या डबीतल्या पट्ट्या वापरण्यापूर्वीच रंग बदलू लागतात.

दुसरे किट घेतले ते केएचचे, आणि सगळ्या खरेदीत त्याने सर्वांत जास्त शिकवले. केएच म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेटची शिल्लक. आम्ल तयार झाले की ते आधी या शिलकीतून वजा होते आणि ती संपेपर्यंत पीएच फारसा ढळत नाही. आमच्या नळाच्या पाण्याचा केएच २ अंश निघाला, टँकरच्या पाण्याचा १२. एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षमता. फिल्टरमधील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे यातले सुमारे ७.१ मिलिग्रॅम खर्च होते. हिशेब मांडला तर २ अंशांची शिल्लक सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्रोजनमध्ये, म्हणजे टाकीतील नायट्रेट जेमतेम २२ मिलिग्रॅमने वाढेपर्यंत, संपते. वनस्पती परस्पर अमोनिया शोषतात, काही नायट्रेट पुन्हा वापरले जाते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा उशीर लागतो. पण मृदू पाण्याच्या टाकीत बरेच दिवस पाणी न बदलल्यास पीएच अचानक का कोसळतो याचे कोडे या हिशेबाने सुटते. ही शिल्लक कोणतेही पेन दाखवत नाही. पीएच पेनात ७ दिसतो आणि पुढच्या आठवड्यात काय होणार याचा पत्ता लागत नाही. किटमध्ये सांगितल्याप्रमाणे ५ मिलिलिटर पाणी घेतले तर एक थेंब म्हणजे एक अंश होतो, आणि २ अंशांच्या पाण्यात ते मोजमाप फारच ढोबळ ठरते. म्हणून मी १० मिलिलिटर घेतो, त्यामुळे प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. पाणी निळ्याचे पिवळे होईल त्या थेंबाशी थांबायचे.

एकाच दांड्यात पीएच, टीडीएस, ईसी, क्षारता आणि तापमान दाखवणारी ‘फाइव्ह इन वन’ पेने आणि टाकीला लटकवून मोबाइलवर आकडे पाठवणारी यंत्रेही पाहिली. त्यांत नवे मोजमाप असे वाहकता आणि पीएच ही दोनच असतात. उरलेले आकडे त्यांवरून काढलेले किंवा साध्या थर्मामीटरनेही कळणारे. शिवाय सतत पाण्यात राहणाऱ्या प्रोबवर शेवाळ चढते आणि तो काढून पुसावा व जुळवावा लागतोच, मग लटकवण्याचा फायदा काय? विरघळलेल्या प्राणवायूचे मीटर घरगुती टाकीसाठी महाग आहे, आणि एअर पंप चालू असलेल्या, गर्दी नसलेल्या टाकीत त्याची गरज नाही.

आता पाणी बदलण्यापूर्वी नळाच्या पाण्यात आधी ईसीचे पेन बुडते. आकडा दोनशेच्या आत असेल तर नेहमीप्रमाणे पाव टाकी पाणी बदलतो. दोनशेच्या वर असेल तर टाकीचा पीएच आणि अमोनिया पाहतो. अमोनिया शून्य असेल तर दहावा भाग बदलतो, नसेल तर प्युरिफायरचे पाणी मिसळून वाहकता दोनशेच्या खाली आणतो आणि मगच ओततो. एप्रिल-मे महिन्यांत टँकर रोजचेच होतात तेव्हा महापालिकेचे पाणी मिळेल त्या दिवशी झाकणाच्या दोन ड्रमांत भरून ठेवतो. केएच पंधरवड्याने एकदा बघतो, आणि तो १ अंशावर आला की शिल्लक भरून यावी म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत बांधलेले शिंपल्यांचे थोडे तुकडे ठेवतो. पीएचचे पेन महिन्याला एकदा दोन द्रावणांत जुळवतो, आणि ते दुसऱ्या द्रावणात पूर्वीपेक्षा उशिरा स्थिरावू लागले आहे, तेव्हा सुटा इलेक्ट्रोड आताच मागवून ठेवला आहे.